गाण्यापासून धान्यापर्यंत : १९८५ चे ‘लाइव्ह एड’ कसे उभे राहिले आणि त्याचे पैसे कुठवर पोहोचले

१३ जुलै १९८५ रोजी, शनिवारी दुपारी बारा वाजता, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ ही कॉन्सर्ट सुरू झाली. दोनेक तासांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जॉन एफ. केनेडी स्टेडियमवर तिचा दुसरा भाग सुरू झाला आणि दोन खंडांमध्ये मिळून हा कार्यक्रम सुमारे सोळा तास चालला. वेम्बलीत सुमारे ७२ हजार प्रेक्षक होते, फिलाडेल्फियात त्याहूनही अधिक, आणि उपग्रहांद्वारे दूरचित्रवाणीवर ती शंभरहून अधिक देशांत पोहोचली. प्रेक्षकसंख्या दीड ते दोन अब्ज होती असे सांगितले जाते. हा आयोजकांचा आणि वाहिन्यांचा अंदाज आहे, कोणी केलेली मोजदाद नव्हे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. हेतू एकच होता : इथिओपियातील दुष्काळात उपासमारीने मरणाऱ्या लोकांसाठी पैसे उभे करणे.

या कॉन्सर्टबद्दल आजवर जे लिहिले गेले त्यातील बहुतेक भाग कोणता बँड किती चांगला वाजला याबद्दल आहे. तो विषय रोचक आहे आणि त्याकडे आपण येऊच. परंतु गिटारच्या तारेवर सुरू झालेली गोष्ट उपाशी माणसाच्या ताटापर्यंत जायला मधे किती टप्पे लागतात, त्यातील प्रत्येक टप्प्यावर काय अडते आणि दुष्काळ नावाची गोष्ट मुळात कशाने घडते, हे समजल्याशिवाय ‘लाइव्ह एड’चे यशही कळत नाही आणि अपयशही कळत नाही.

सुरुवात दुष्काळापासूनच करू. १९८३ ते १९८५ या काळात इथिओपियाच्या उत्तर भागात, विशेषतः वोल्लो, तिग्राय आणि एरिट्रिया या प्रदेशांत, पाऊस सतत दगा देत राहिला. पिके गेली, गुरे गेली. मृतांचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहेत. परंतु पाऊस न पडणे आणि माणसे भुकेने मरणे या दोन घटनांच्या मधे बरेच काही घडावे लागते. अमर्त्य सेन यांनी याच वोल्लो प्रांतातील १९७३ च्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखवले होते की त्या वर्षी संपूर्ण देशातील अन्नधान्याचे उत्पादन फारसे घटलेले नव्हते. वोल्लोतील शेतकऱ्याचे पीक बुडाल्यावर त्याच्या हातात धान्य विकत घेण्याइतका पैसाच उरला नाही, त्यामुळे व्यापारी तिथे धान्य आणीनात, आणि काही धान्य तर उपाशी प्रांतातून बाहेर जात राहिले. देशात धान्य असणे आणि ते मिळवण्याची ऐपत माणसाकडे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा सेन यांच्या मांडणीचा गाभा आहे.

१९८४ मध्ये या ऐपतीच्या प्रश्नावर युद्धाची भर पडली. देशावर ‘देर्ग’ नावाच्या लष्करी राजवटीची सत्ता होती आणि मेंगिस्तू हैले मरियम हे तिचे प्रमुख होते. उत्तरेत एरिट्रिया आणि तिग्रायमधील बंडखोर संघटनांशी या राजवटीची लढाई वर्षानुवर्षे सुरू होती. लष्कराच्या मोहिमांमुळे लोकांना गावे सोडावी लागत होती, बाजारांवर हवाई हल्ले होत असल्यामुळे धान्याचा व्यापार कोलमडला होता, आणि एरवी मजुरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यांत जाणाऱ्या गरिबांच्या वाटा बंद झाल्या होत्या. सरकारी पणन महामंडळ शेतकऱ्यांकडून ठरलेल्या कोट्याचे धान्य अत्यल्प भावाने सक्तीने घेत असे. आपल्याकडील जुन्या लेव्हीच्या आठवणी ज्यांना आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल, फरक इतकाच की तिथे विरोध करायला विधानसभाही नव्हती आणि स्वतंत्र वर्तमानपत्रेही नव्हती. ॲलेक्स डी वाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे पुराव्यानिशी दाखवले की दुष्काळाची सर्वांत भीषण झळ आणि लष्करी मोहिमांचा प्रदेश हे दोन्ही मोठ्या प्रमाणात एकच होते.

राजवटीने हा दुष्काळ लपवण्याचाही प्रयत्न केला आणि त्यामागे एक इतिहास होता. १९७३ च्या दुष्काळाचे ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी केलेले चित्रण पुढच्या वर्षी इथिओपियात दाखवले गेले, तेव्हा त्यात सम्राट हैले सेलासी यांच्या ऐश्वर्याची दृश्ये पेरलेली होती, आणि सम्राटांची सत्ता उलथवण्यासाठी देर्गने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. दुष्काळाच्या चित्रांनी सिंहासन हलते हे या राज्यकर्त्यांना स्वानुभवाने माहीत होते. सप्टेंबर १९८४ मध्ये क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनाचे खर्चिक सोहळे राजधानी आदिस अबाबात साजरे होत असताना उत्तरेकडील दृश्ये परदेशी पत्रकारांच्या नजरेस पडू नयेत, याची काळजी म्हणूनच घेतली गेली.

ती दृश्ये अखेर बाहेर आली ती २३ ऑक्टोबर १९८४ रोजी. बीबीसीचे वार्ताहर मायकेल ब्युर्क आणि केनियाचे कॅमेरामन मोहम्मद अमीन कोरेम या गावी पोहोचले होते. पहाटेच्या थंडीत उघड्या माळावर हजारो माणसे बसलेली, काही निपचित पडलेली, आणि कापडात गुंडाळलेल्या मृतदेहांच्या रांगा. ब्युर्क यांचे निवेदन संयत होते आणि अमीन यांचा कॅमेरा कुठेही घाई करत नव्हता. ही बातमी जगभरातील शेकडो वाहिन्यांनी दाखवली. पंजाबी मूळ असलेल्या कुटुंबात नैरोबीत जन्मलेल्या मोहम्मद अमीन यांचे नाव या सगळ्या कथेत फार मागे पडते याचे मला वाईट वाटते. पुढे १९९१ मध्ये आदिस अबाबातील दारूगोळ्याच्या स्फोटात त्यांचा एक हात गेला आणि १९९६ मध्ये अपहरण झालेल्या विमानाच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ‘लाइव्ह एड’चे जनक म्हणून एकाच व्यक्तीचे नाव घ्यायचे असेल तर मी त्यांचे घेईन.

बातमी पाहणाऱ्यांत बॉब गेल्डॉफ होते. डब्लिनच्या ‘बूमटाउन रॅट्स’ या बँडचे ते गायक. त्यांचा बँड तेव्हा उताराला लागलेला होता. ‘अल्ट्राव्हॉक्स’चे मिज युअर यांना सोबत घेऊन त्यांनी एक गाणे रचले, ब्रिटन-आयर्लंडमधील तेव्हाच्या बड्या पॉप आणि रॉक कलाकारांना फोन करून गोळा केले, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी लंडनमध्ये एका दिवसात ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ‘बँड एड’ असे नाव घेतलेल्या या समूहाच्या तबकडीच्या एकट्या ब्रिटनमध्ये तीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि ८० लाख पौंडांच्या आसपास रक्कम उभी राहिली. गेल्डॉफ यांची मूळ अपेक्षा एक लाख पौंडांचीही नव्हती. ब्रिटिश सरकारने या विक्रीवरचा मूल्यवर्धित कर सोडण्यास प्रथम नकार दिला, परंतु लोकांचा रोष वाढल्यावर कराइतकीच रक्कम मदत म्हणून परत दिली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकेतील कलाकारांनी हॅरी बेलाफॉन्टे यांच्या कल्पनेतून ‘वी आर द वर्ल्ड’ हे गाणे केले. मायकेल जॅक्सन आणि लायोनल रिची यांनी ते लिहिले होते आणि क्विन्सी जोन्स यांच्या देखरेखीखाली ते ध्वनिमुद्रित झाले.

कलाकारांनी संकटग्रस्तांसाठी एकत्र येण्याची कल्पना मात्र तेव्हा नवी नव्हती. तिच्या मुळाशी एक भारतीय सतारवादक आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी दोन कार्यक्रम केले. सुरुवातीला रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा यांचे वादन झाले, त्यानंतर हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन आणि इतर आले. नोव्हेंबर १९७० चे प्रचंड चक्रीवादळ, त्यानंतरचे युद्ध आणि भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित हे त्याचे कारण होते. तिकीटविक्रीचे सुमारे अडीच लाख डॉलर ‘युनिसेफ’ला लगेच मिळाले. परंतु कार्यक्रमापूर्वी धर्मादाय नोंदणीची कायदेशीर व्यवस्था नीट केलेली नव्हती, त्यामुळे नंतर निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचे आणि चित्रपटाचे कितीतरी मोठे उत्पन्न अमेरिकेच्या करखात्याशी झालेल्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडले. ज्या मुलांसाठी ते गोळा झाले होते ती तोवर मोठी झाली होती किंवा राहिलीच नव्हती. ‘बँड एड’ने अशा कामासाठी आधीच विश्वस्त संस्था स्थापन केली, आणि या साध्या कागदोपत्री खबरदारीचे मोल कोणत्याही गाजलेल्या गाण्याइतकेच आहे असे मी मानतो.

आता कॉन्सर्टचे तंत्र. एका दिवसात दोन मंचांवर सत्तरच्या घरात कलाकार व बँड उभे करायचे होते. एरवी एक बँड उतरून दुसरा चढायला, ड्रम, ॲम्प्लिफायर, तारा जोडायला, अर्धा ते एक तास सहज जातो. दूरचित्रवाणीवर इतका वेळ रिकामा मंच दाखवता येत नाही. वेम्बलीत यासाठी तीन भाग केलेला फिरता मंच बांधला होता : एका भागावर बँड वाजत असताना दुसऱ्यावर पुढच्याची मांडणी होई आणि तिसऱ्यावर आधीच्याचे सामान उतरवले जाई. मराठी नाट्यरसिकांना फिरता रंगमंच अपरिचित नाही, पण इथे त्याच्यावर टनावारी यंत्रसामग्री होती. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटे, आणि मंचासमोर वाहतुकीच्या सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे दिवे लावलेले, वेळ संपत आल्याची सूचना देणारे. ध्वनिचाचणीला वेळ जवळजवळ नव्हताच. लंडनचे संयोजक हार्वी गोल्डस्मिथ आणि फिलाडेल्फियाचे बिल ग्रॅहम यांनी हे सर्व काही आठवड्यांत उभे केले, आणि कलाकारांनी मानधन घेतले नाही.

दोन शहरांना जोडणारा दुवा होता उपग्रहाचा, आणि त्याची एक मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. दळणवळणाचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, कारण त्याच उंचीवर उपग्रहाची प्रदक्षिणा पृथ्वीच्या परिवलनाशी जुळते आणि तो आकाशात एकाच जागी दिसतो. लंडनहून निघालेला संदेश वर जाऊन खाली यायला ७२ हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने गेला तरी त्याला सुमारे पाव सेकंद लागतो, आणि त्याला मिळालेला प्रतिसाद परत यायला आणखी पाव सेकंद. बातम्यांत हे चालून जाते. संगीतात चालत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे लंडनच्या गायकाला फिलाडेल्फियाचा गायक नेमका एक मात्रा मागे ऐकू येणार. डेव्हिड बोवी यांनी लंडनहून आणि मिक जॅगर यांनी फिलाडेल्फियाहून एकाच वेळी युगुलगीत गावे ही योजना या कारणानेच सोडून द्यावी लागली आणि त्याऐवजी दोघांनी आधी एकत्र चित्रित केलेले गाणे दाखवले गेले. दोन्ही मंचांवर प्रत्यक्ष दिसण्याचा मान फिल कॉलिन्स यांनी मिळवला, तो स्वनातीत कॉनकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून.

प्रत्यक्ष वादनात चुका पुष्कळ झाल्या. पॉल मॅककार्टनी पियानोवर बसून गायला लागले तेव्हा त्यांचा मायक्रोफोन पहिली एक-दोन मिनिटे बंदच होता आणि शब्द प्रेक्षकांनी गाऊन पूर्ण केले. ‘द हू’ वाजत असताना प्रक्षेपण तुटले. ‘यू टू’चे बोनो एका लांबलेल्या गाण्यात मंचावरून खाली उतरून गर्दीतील एका मुलीपर्यंत गेले, त्यात इतका वेळ गेला की त्यांचे सर्वांत लोकप्रिय गाणे गायचे राहूनच गेले. बँडच्या इतर सदस्यांना तेव्हा ते आवडले नव्हते, पण घरी बसून पाहणाऱ्यांच्या मनात तोच क्षण राहिला. दूरचित्रवाणीवरच्या कॉन्सर्टला वेगळे मोजमाप लागते ते असे : स्वर किती शुद्ध लागला यापेक्षा पडद्यापलीकडच्या माणसाशी नाते जुळले का, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

‘क्वीन’ बँडने ही गोष्ट सर्वांत नेमकी ओळखली. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, भर उजेडात, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या झगमगत्या प्रकाशयोजनेशिवाय, ते मंचावर आले. त्याआधी लंडनच्या एका नाट्यगृहात त्यांनी घड्याळ लावून सराव केला होता आणि आपल्या लोकप्रिय गाण्यांचे निवडक भाग जोडून वीस-एकवीस मिनिटांची सलग बांधणी केली होती. नवे काही ऐकवण्याचा मोह त्यांनी टाळला. फ्रेडी मर्क्युरी यांनी नुसत्या आलापीच्या सवाल-जवाबाने सत्तर हजार कंठ आपल्या मागे वळवले आणि एका गाण्यात तर संपूर्ण मैदानाचे हात एकाच ठेक्यावर वर गेले. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले हे फारुख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढले, तिथेच पियानो शिकले आणि शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड त्यांनी तिथेच काढला. सह्याद्रीतल्या त्या शाळेच्या सभागृहातून वेम्बलीपर्यंतचा हा प्रवास मराठी वाचकाला आपला वाटला तर त्यात काहीच वावगे नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवे की आदल्याच वर्षी, वर्णद्वेषी राजवटीवरील सांस्कृतिक बहिष्कार मोडून, ‘क्वीन’ने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटीत कार्यक्रम केले होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली होती. आफ्रिकेसाठीच्या त्या एकवीस मिनिटांनी त्यांची प्रतिमा पुन्हा उजळली, आणि त्या दिवशी वाजलेल्या अनेक बँडच्या तबकड्यांची विक्री नंतरच्या आठवड्यांत वाढली. कलाकारांनी मानधन घेतले नाही हे खरे, पण त्यांना काहीच मिळाले नाही असे म्हणता येणार नाही.

देणग्या कशा आल्या, हे तर या दिवसाचे सर्वांत बोलके अंग आहे. बीबीसीने शेकडो फोनलाइन्स उघडल्या होत्या. तरीही कार्यक्रम सुरू होऊन कित्येक तास लोटले तरी जमलेली रक्कम अपेक्षेच्या मानाने किरकोळ होती. लोक गाणी ऐकत होते, फोन उचलत नव्हते. गेल्डॉफ यांनी थेट प्रक्षेपणात संतापून, शिवी हासडून, आत्ताच पैसे द्या असे प्रेक्षकांना बजावले आणि फोन वाजू लागले. त्यानंतर कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने तयार केलेली इथिओपियातील दृश्यांची छोटी चित्रफीत दाखवण्यात आली. तिला वेळ मिळावा म्हणून डेव्हिड बोवी यांनी स्वतःचे एक गाणे सोडले. कृश मुले, उभे राहण्याची धडपड करणारे एक बाळ, आणि पार्श्वभूमीवर एक संथ प्रेमगीत. मैदान स्तब्ध झाले आणि देणग्यांचा वेग एकदम वाढला. माणसाला देण्यासाठी आनंद पुरत नाही, त्याला कोणाचा तरी चेहरा दिसावा लागतो. त्या चित्रफितीतील मृत्यूच्या दारात दिसणारी मुलगी, बिरहान वोल्दू, वाचली, शिकली, आणि वीस वर्षांनी लंडनच्या दुसऱ्या एका मंचावर उभी राहिली.

‘बँड एड’ आणि ‘लाइव्ह एड’ मिळून जगभरातून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. ही रक्कम मोठी होती, तरी पाश्चात्त्य सरकारांनी त्या काळात दिलेल्या धान्याच्या आणि निधीच्या मानाने ती थोडी होती. कलाकारांचे खरे बळ दुसरीकडे होते. देर्ग ही सोव्हिएत संघाच्या गोटातील राजवट असल्यामुळे पाश्चात्त्य सरकारे मदत द्यायला कचरत होती, आणि ऑक्टोबरमधील बातमी व तिच्यामागून उसळलेल्या जनमतामुळे ते कचरणे त्यांना अशक्य झाले. नोव्हेंबर १९८४ पासून ब्रिटिश हवाई दलाची हर्क्युलिस विमाने इथिओपियात धान्य वाहू लागली होती. युरोप-अमेरिकेतील कोठारांत धान्य होतेच, ते बाहेर काढण्याची राजकीय निकड या चळवळीने टिकवून धरली.

पण कोठारातून निघालेले धान्य बंदरात उतरले म्हणजे पोटात गेले असे होत नाही. असाब आणि मासावा या लाल समुद्रावरील बंदरांपासून दुष्काळी डोंगराळ भाग शेकडो किलोमीटर दूर, रस्ते खराब, ट्रक अपुरे आणि त्यांतले पुष्कळ लष्कराच्या कामात गुंतलेले. म्हणूनच ‘बँड एड’च्या विश्वस्तांनी पैशाचा मोठा भाग जहाजे भाड्याने घेण्यावर आणि ट्रक व त्यांचे सुटे भाग पुरवण्यावर खर्च केला. देणगीदाराला आपल्या पाच पौंडांचे धान्य झालेले पाहायचे असते, टायर किंवा गिअरबॉक्स झालेला नव्हे. परंतु दुष्काळात बहुधा टायरच कमी पडतो. शेजारच्या सुदानमध्येही १९८५ मध्ये हेच झाले : अमेरिकेने पाठवलेली ज्वारी पोर्ट सुदानला पोहोचली, पण मोडकळीला आलेल्या रेल्वेमुळे पश्चिमेकडील दारफुरला ती फार उशिरा आणि फार थोडी मिळाली. तिथले लोक त्या ज्वारीला अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून ‘रेगन’ म्हणू लागले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेल्या महाराष्ट्रातील पिढीला ही गोष्ट अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

१९७२-७३ च्या त्या दुष्काळाचा दाखला इथे आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दुष्काळ निवारणाच्या तुलनात्मक अभ्यासात महाराष्ट्राचे उदाहरण आवर्जून घेतले. पीक तेव्हाही भयानक बुडाले होते. परंतु खडी केंद्रे, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्त्यांच्या कामांवर मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ ५० लाख माणसे होती आणि त्यांना रोख मजुरी मिळत होती. हातात पैसा आला की धान्य बाजाराच्या वाटेने येते, हे तत्त्व तिथे खरे ठरले. हाल झाले, पण मोठ्या प्रमाणावर भूकबळी झाले नाहीत. मोर्चे, घेराव, विधिमंडळातील प्रश्न आणि वर्तमानपत्रांतील बातम्या यांनी सरकारला स्वस्थ बसू दिले नाही, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. इथिओपियात शेतकऱ्याच्या बाजूने असे बोलणारे कोणी नव्हते, आणि हे काम कोणताही गायक बाहेरून करू शकत नव्हता.

मदतीचा सर्वांत कठीण भाग युद्धाशी जोडलेला आहे. धान्य सरकारच्या ताब्यातील भागातूनच वाटले गेले असते तर बंडखोरांच्या प्रदेशातील लोक उपाशी राहिले असते. त्यामुळे काही मदतसंस्थांनी सुदानच्या सीमेवरून, विमानांच्या नजरेस पडू नये म्हणून रात्री चालणाऱ्या ट्रकच्या तांड्यांतून, तिग्राय आणि एरिट्रियात धान्य पाठवले. दुसरीकडे देर्गने उत्तरेतील लोकांना दक्षिण-पश्चिमेकडे नेऊन वसवण्याची मोहीम आरंभली. सुमारे सहा लाख माणसे हलवली गेली, त्यांतील कित्येकांना धान्यवाटपाच्या केंद्रांवरूनच पकडून नेले, कुटुंबांची ताटातूट झाली, आणि प्रवासात व नव्या जागी असंख्य लोक मरण पावले. ‘मेदसां सां फ्राँतियेर’ या वैद्यकीय संस्थेच्या फ्रेंच शाखेने याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आले. इतर बहुतेक संस्था गप्प राहून काम करत राहिल्या, कारण बोलले तर उपाशी माणसांपर्यंतची वाट बंद होणार होती. या दोन्ही भूमिकांमागे प्रामाणिक माणसे होती. तरीही अन्नाचा वापर सापळ्यासारखा होत असताना ते जगाला सांगणे हे मदतीच्या कामाचाच भाग आहे, असे मला वाटते, आणि वेम्बलीच्या मंचावरून याबद्दल अवाक्षर निघाले नाही ही त्या दिवसाची सर्वांत मोठी उणीव होती. सोळा तासांत दुष्काळ दिसला तो केवळ निसर्गाचा कोप म्हणून.

२०१० मध्ये बीबीसीच्या एका वृत्तांताने तिग्रायच्या बंडखोरांनी मदतीच्या पैशांतून शस्त्रे घेतल्याचे सांगितले आणि ‘बँड एड’चे पैसेही त्यात गेले असा समज त्यातून पसरला. विश्वस्तांनी तक्रार केली, चौकशी झाली, आणि ‘बँड एड’च्या निधीबाबत असा पुरावा नसल्याचे मान्य करून बीबीसीने त्याच वर्षी जाहीर माफी मागितली. मदतीचा सर्व पैसा चोरीला जातो हे सोयीचे विधान जे करतात त्यांनी ही माफीही वाचावी.

टीकेचा दुसरा धागा अधिक खोल आहे. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे आणि तिथला नाताळ ७ जानेवारीला साजरा होतो, अशा लोकांना नाताळ माहीत तरी आहे का, असे विचारणारे गाणे त्यांच्याविषयी फार थोडे जाणून लिहिले गेले होते. वेम्बलीच्या मंचावर आफ्रिकेतील कलाकार जवळजवळ नव्हतेच. जुलै २००५ मध्ये गेल्डॉफ यांनीच ‘लाइव्ह ८’ ही कॉन्सर्टमालिका केली, तेव्हाही आफ्रिकी कलाकारांचा मोठा कार्यक्रम मुख्य लंडनऐवजी कॉर्नवॉलमध्ये झाला. मात्र त्या वेळी मागणी बदललेली होती. देणग्या मागितल्या नाहीत, तर स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे भरणाऱ्या आठ श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदेवर दबाव आणला गेला, आणि अतिगरीब देशांवरचे सुमारे ४० अब्ज डॉलरचे कर्ज माफ करण्याच्या निर्णयाला बळ मिळाले. दहा कोटी डॉलर फोनवर गोळा करणे आणि धोरण बदलायला लावून ४० अब्जांचे कर्ज माफ करवून घेणे यांतील अंतर वीस वर्षांत याच माणसांनी ओळखले होते.

२०२४ मध्ये मूळ गाण्याला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त त्याचे नवे मिश्रण निघाले, तेव्हा पूर्वीच्या आवृत्तीत गायलेले एड शीरन यांनी आपल्याला विचारले असते तर नकार दिला असता असे जाहीर केले. ब्रिटिश-घानायन कलाकार फ्यूज ओडीजी यांनी आफ्रिकेचे हे करुणास्पद चित्र तिथल्या पर्यटनाला, गुंतवणुकीला आणि लोकांच्या स्वाभिमानाला इजा करते असे म्हटले होते, आणि शीरन यांनी त्याच म्हणण्याचा हवाला दिला. गेल्डॉफ यांचे उत्तर असे की या गाण्याच्या पैशांवर लाखो माणसे जगली आहेत. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे आहे, आणि ‘बँड एड’ची विश्वस्त संस्था त्या गाण्याच्या उत्पन्नातून आफ्रिकेतील प्रकल्पांना आजही निधी देत आहे.